आधी तोंड, मग वजन

बाबा,

डोळे असलेली वस्तू आधी पारड्यात टाकायची नाही, हा तुमच्या दुकानातला नियम. या आठवड्यात तो मला सारखा टोचत राहिला. सकाळी देवाला फूल वाहतानाही मनात तोच. मी दहावीत असेन. सुट्टीचा दिवस, दुकानात बसलो आहे. लेकीच्या लग्नासाठी घागर घ्यायला एक बाई आली आहे आणि मोडीत द्यायला चेपलेली गंज-पातेली, बुडाला भोक पडलेला तांब्या घेऊन आली आहे. त्या जुन्या पितळेतच एक रांगता बाळकृष्ण आहे, एक हात तुटलेला, चेहरा झिजून गुळगुळीत झालेला. मी सगळं एकदम पारड्यात ओततो. तुम्ही उठता, बाळकृष्ण बाहेर काढता, धोतराच्या सोग्याने पुसता. "आधी तोंड बघ त्याचं. वजन काय पळून चाललं?" मग तिला विचारता, "रोज कोण घासत होतं?"

"सासू माही, जी. चिंच लावून. आता खंडित झाला, घरात कसा ठेवावा?"

"मग नाक सासूनंच खाल्लं म्हणा की!"

बाई पदर तोंडाला लावून हसते. तुम्ही त्या मूर्तीचं वजन केलंच नाही. नदीत सोडायला सांगून परत दिलीत. ती गेल्यावर मला म्हणालात, "याला एकाच घरात भाव असतो. बाहेर गेलं की पितळ."

भोपाळला येऊन आता अर्धं आयुष्य झालं. कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी आहे, अवधपुरीत घर आहे, तरी इथल्या मराठी मंडळींसाठी मी भांड्यांच्या दुकानवाल्याचा मुलगाच. कुणाची समई डुगडुगते, कुणाला तांबं खरं की मुलामा ते हवं असतं, मला बोलावतात. मीही जातो. त्यात थोडी ऐट वाटते, हे तुम्हाला न सांगताही कळेल. समोरच्या काकूंनी बोलावलं तेव्हाही तसाच गेलो. त्यांचे यजमान इंजिनिअर होते. बैतूलकडे दौऱ्यावर गेले की आठवडी बाजारातून ओतीव पितळेचे बोटाएवढे पुतळे आणायचे. घोडेस्वार, हत्ती, पाठीशी पोर बांधलेली बाई. त्यातही तुटकेच निवडायचे. म्हणायचे, धडके कुणीही घेईल. ते गेले त्याला दोन पावसाळे झाले. आता मुलगा पुण्याहून काकूंना न्यायला आला होता आणि घर रिकामं करताना या पुतळ्यांची गोणी त्याने भंगारवाल्यासाठी दाराशी ठेवली होती.

काकूंनी मला जिन्यात गाठलं. "भाऊ, मला विकायचे नाहीत. तुम्ही फक्त त्याच्यासमोर सांगा, याला काही मोल आहे म्हणून. बाबांनी आयुष्यभर कबाड जमवलं, असं म्हणतो तो."

मी म्हणालो, "रविवारी येतो. सगळे एका जागी काढून ठेवा." एवढंच म्हणालो.

अशा वस्तूंबद्दल मी थोडं शिकलो होतो. चौकातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराकडे जाऊन बसायचो. त्याच्याकडून कळलं की पाय तुटला म्हणून भाव जातोच असं नाही. तुटलेली कड आतून काळपट असेल तर तुटणं जुनं, पिवळी चकाकत असेल तर कालचं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंगावरचा काळा-तपकिरी थर. धूर, हात, वर्षं यांचा तो थर, तो गेला की पुतळा नवा आणि स्वस्त. गणपतीत दर्शनाला गेलो होतो तेव्हा काकूंच्या कपाटात तो थर मी डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून तर निश्चिंत होतो.

रविवारी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. टेबलावर पांढरा टॉवेल, त्यावर सगळे पुतळे सोन्यासारखे लखलखत होते. चिंचेचा वास घरभर. काकूंची बोटं सांध्यांत वाकलेली, सुरकुतलेली. "तुम्ही बघायला येणार, मग काळी पितळ मांडून ठेवू का?" आपल्या घरांत कुणीही हेच केलं असतं. आईने केलं असतं. मी 'घासू नका' म्हणायला हवं होतं, पण पितळ घासू नका हे वाक्य माझ्या तोंडात कधी आलंच नव्हतं.

"काका, सीधी बात सांगा," मुलगा म्हणाला. "किलोवरच जाणार ना हे सगळं?"

मी एकेक उचलत होतो. तीन पायांचा घोडा, त्यावर ढाल गमावलेला स्वार. काकू पुतळ्यांकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"किलोवर देऊ नका," मी म्हणालो.

"मग कशावर?"

"याचा भाव असा बसल्या जागी सांगता येत नाही."

"ऐकलंस?" काकू म्हणाल्या. त्या एका शब्दात त्यांनी यजमानांची सगळी वर्षं मुलासमोर मांडली. मुलाने खांदे उडवले. "ठीक आहे. मग बुधवारी एखाद्या दुकानवाल्याला घरीच बोलावतो. त्याच्या तोंडून ऐकू."

सोमवार, मंगळवार मला अन्न गोड लागलं नाही. येणारा माणूस दारातूनच ओळखणार होता. घासून टाकलं हो, आता पितळेचाच भाव, असं तो काकूंसमोर म्हणणार होता, आणि काकूंना कळणार होतं की ते मोल त्यांच्याच हातांनी गेलं. मी खोटं बोललो होतो का, बाबा? की तुमचंच ते एकाच घरातल्या भावाचं वाक्य अर्धं बोललो होतो? शेवटी मंगळवारी संध्याकाळी मुलाला खाली पार्किंगमध्ये गाठलं आणि सगळं सांगितलं. थर काय असतो, तो कसा गेला, का गेला.

तो म्हणाला, "आईने घासले? तिला तर डब्याचं झाकण उघडत नाही." फोन हातात तसाच धरून तो वर निघून गेला. दुकानवाल्याला येऊ नको सांगणार का, ते मला कळेना.

बुधवारी मी रजा टाकून खिडकीशी बसलो. प्रत्येक स्कूटर थांबली की उठायचो. कुणी आलं नाही. आज सकाळी ते निघाले. मुलाच्या हातात एक लहानशी बॅग होती आणि तो त्या बाजूला पार कलला होता. काय असलं की बॅग एवढी ओढते, ते आपल्या दुकानातल्या माणसाला सांगावं लागत नाही. तरी गाडी वळेपर्यंत मला धाकधूक होती.

जाताना काकूंनी तो तीन पायांचा घोडेस्वार माझ्या हातात ठेवला. "हा राहू द्या तुमच्याकडे. भाव कळला की कळवा."

तो आता देवघराच्या खालच्या फळीवर आहे. पुढे कलतो. हा कागद घडी करून त्याच्या तुटक्या पायाखाली ठेवणार आहे, नाहीतरी पाठवायचा कुठे. एक मात्र सांगून टाकतो. फळीवर ठेवण्याआधी मी त्याचं तोंड नीट पाहिलं. आणि मग, घरात कुणी नव्हतं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून त्याचं वजनही पाहिलं.