टोब्लरोनचा त्रिकोण आणि आमचे आजोबा

७ जानेवारी २००८, सोमवार. सकाळी ९
पोस्टातून रिटायर होऊन एक आठवडा झाला. एक्केचाळीस वर्षं पार्सलच्या खिडकीत बसून लोकांची खोकी तोलली. आता स्वतःचं काहीतरी भरीव.
निश्चय: टोब्लरोनचा, त्या त्रिकोणी चॉकलेटच्या वडीचा, संपूर्ण इतिहास लिहायचा. यंदा तिला शंभर वर्षं होतायत. ती जन्मली आमच्या बर्न शहरात, आमच्याच लेंगगासे वस्तीतल्या कारखान्यात. लोक म्हणतात तिचा त्रिकोण माटरहॉर्न डोंगरावरून आला. काही म्हणतात पॅरिसच्या नाचणाऱ्या मुलींनी रचलेल्या मनोऱ्यावरून. दोन्ही थापा. त्रिकोण सुचवला माझ्या आजोबांनी, गॉटफ्रीड होफर यांनी. ते तेव्हा कारखान्यात होते. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चीजचा तुकडा त्रिकोणी कापला आणि तो मालकांच्या नजरेस पडला. हे मला बाबांनी सांगितलं, बाबांना खुद्द आजोबांनी. आणखी काय पुरावा हवा?
रोज दहा पानं. मार्चअखेर पुस्तक तयार.

८ जानेवारी
पूर्ण दिवस पुस्तकाचं नाव ठरवण्यात गेला. ठरलं नाही. पण नाव म्हणजे निम्मं पुस्तक, त्यामुळे आज निम्म्या पुस्तकावर काम झालं असं धरायला हरकत नाही.

१४ जानेवारी
वडीचा कोन नेमका किती अंशांचा, हे मोजण्यासाठी मोठी टोब्लरोन आणली. कोनमापक सापडेपर्यंत वडी संपली. डोरा, म्हणजे माझी बायको, म्हणाली की डॉक्टरांनी तुला गोड बंद केलंय. मी समजावलं की याला खाणं म्हणत नाहीत, संशोधन म्हणतात. मग शर्टावरचं संशोधन झटकून टाक, असं म्हणून ती पोहायला गेली.
उद्या दुसरी आणायची. कोन राहिलाच आहे.

६ फेब्रुवारी. दुपार
जुन्या कारखान्याच्या इमारतीत आता युनिव्हर्सिटीची लायब्ररी आहे. वातावरण मिळावं म्हणून तिथे बसून लिहायचं ठरवलं. हीटर उत्तम. डोळा लागला. तिथल्या बाईंनी खांदा हलवून उठवलं आणि घोरण्याबद्दल काहीतरी हळू आवाजात बोलल्या. आजोबांच्या वास्तूत इतकी शांत झोप लागावी, हा मी शुभशकुन मानतो.
उठल्यावर वाचन. टोब्लर हे मालकांचं नाव, ‘तोरोने’ ही बदाम-मधाची इटालियन मिठाई. दोन्ही जोडून टोब्लरोन. मालकांच्या एका चुलत भावाचा हातभार. दुसऱ्या वर्षी पेटंट. आजोबांचं नाव कुठेही नाही. संकोची स्वभाव, दुसरं काय. आमच्या घराण्यातच आहे तो.

२ मार्च, रविवार
आत्याकडे जेवायला. एल्सबेथआत्या आजोबांची सगळ्यात धाकटी मुलगी, वय अठ्ठ्याऐंशी. वेणीसारखा गुंफलेला पाव आणि लोणी. पुस्तकाचं सांगितलं तर म्हणाली, मग मला का विचारत नाहीस, मी तिथे अकरा वर्षं पॅकिंगला होते. मी नम्रपणे सांगितलं की पॅकिंग म्हणजे इतिहास नव्हे. मला मुळाशी जायचंय. शिवाय या वयात स्मरणशक्तीचा काय भरवसा. त्यावर तिनं १९३८ साली आमच्या गल्लीत कोणत्या मजल्यावर कोण राहायचं आणि कोण कोणाशी बोलत नव्हतं, ते सगळं म्हणून दाखवलं. असल्या स्मरणशक्तीचा अभ्यासकाला उपयोग नसतो.
दोन तुकडे जास्त खाल्ले पावाचे.

१ एप्रिल
मार्चअखेर पुस्तक तयार झालं नाही. अडीच पानं झाली आहेत, पण दाट.
बेकरीच्या दारात वस्ती मंडळाच्या सेक्रेटरी रुफेनाख्तबाई भेटल्या. त्यांनी सहज विचारलं, सध्या काय चाललंय. पुस्तक जवळजवळ छापायला गेलंय, असं माझ्या तोंडून निघालं. त्या म्हणाल्या, मग मंडळात व्याख्यान द्या. तारीख मीच दिली: १३ जून, संध्याकाळी सात. त्यांनी आठवण करून दिली की त्या दिवशी युरो कपची हॉलंड-फ्रान्स मॅच आपल्याच शहरात आहे. मी म्हटलं, सुजाण लोक फुटबॉलला जात नाहीत. दीडशे खुर्च्या मांडा.

१५ मे
आरशासमोर पूर्ण व्याख्यान म्हणून पाहिलं. चार मिनिटांत संपलं. म्हणजे टाळ्या आणि प्रश्नोत्तरांना भरपूर वेळ.

९ जून
तीन पानं लिहायची होती. पण हॉलंडवाल्यांनी शहर भरून टाकलंय. ट्रामपासून कारंज्यांपर्यंत सगळं नारिंगी. या गोंगाटात चिंतन अशक्य. गोंगाट कशाचा ते कळावं म्हणून मॅच पाहिली. इटलीनं हॉलंडकडून तीन गोल खाल्ले. उद्यापासून लेखन.

१३ जून, शुक्रवार. सकाळी ७
नवा टाय. घसा उत्तम. आज होफर घराण्याला न्याय मिळणार. डोरानं एकदाच विचारलं, आत्याला हे सगळं आधी दाखवलंस का? मी म्हटलं, ती पहिल्या रांगेत बसून ऐकेल की.

१४ जून. दुपार
काल जे झालं ते झालं तसं लिहितो.
दीडशे खुर्च्यांवर नऊ जण. त्यातले चौघे नारिंगी टोपीवाले हॉलंडचे. ते स्वच्छतागृह शोधत आले होते आणि ताटलीतल्या वड्या बघून बसले. माइकची दांडी मोडलेली, म्हणून माइक हातात धरून सुरुवात केली. आजोबांपर्यंत आलो, चीज कापलं, त्रिकोण झाला. तेवढ्यात आत्या काठी टेकत उभी राहिली.
“क्लाउस, थांब जरा. आमचे बाबा कारखान्यात नव्हतेच कधी.”
मी विचारलं, “मग कुठे होते?”
“कोळशाच्या गाडीवर. आठवड्यातून दोनदा गेटाशी कोळसा टाकायचे आणि निघायचे. आम्ही पोरं विचारायचो, बाबा, चॉकलेट त्रिकोणी का? तर म्हणायचे, मीच सांगितलं तसं करायला. ट्रामला हिरवा रंगही त्यांनीच द्यायला लावला होता. आरे नदीचं पाणी हिरवं, तेसुद्धा त्यांच्यामुळेच. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. खरं वाटलं ते एकट्या तुझ्या बापाला.”
लोक हसले. डोरासुद्धा. माझे कान तापले होते. पुढच्या दोन ओळी म्हणायचा प्रयत्न केला, पण त्यांत आजोबांशिवाय काहीच नव्हतं.
टोपीवाल्यांपैकी एकाला जर्मन येत होतं. त्यानं आत्याला विचारलं, आजी, तुम्ही काय करायचात तिथे? ती बोलू लागली. आवाज मागे पोचत नव्हता, म्हणून मी माइक तिच्या तोंडाशी धरला. पन्नास मिनिटं धरला. सोळा मुली एका टेबलाला. आधी चंदेरी कागद, मग वरचा कागद, मग खोकं. नवीन आलेली मुलगी आठवडाभर पोटभर खायची, आठव्या दिवसापासून तिला वासही नको व्हायचा. मॅचला अर्धा तास उरला तरी टोपीवाले उठेनात.
मग ती म्हणाली, “माझ्या डाव्या हाताला लीना बसायची. ही याची आई.”
माझा हात खाली आला. माइक वर धर, असं तिनं सांगितलं. आई तिथे सहा वर्षं होती. आत्या घरी डबा विसरायची आणि तिचा भाऊ, म्हणजे माझे बाबा, डबा गेटावर आणून द्यायचे. तिथे त्यांना लीना दिसली. त्यानंतर आत्या डबा मुद्दाम विसरू लागली.
आई जाऊन एकोणीस वर्षं झाली. ती कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही.

२० जून
मंडळाचं पत्रक आलं. श्रीमती एल्सबेथ होफर यांच्या व्याख्यानाचा पाऊण पान वृत्तांत. शेवटची ओळ: ‘माइक धरण्याचं काम त्यांच्या भाच्यानं चोख पार पाडलं.’ ‘चोख’ हा शब्द रुफेनाख्तबाई उगाच वापरत नाहीत.

२९ जून, रविवार
वही घेऊन आत्याकडे गेलो. आईबद्दल जे जे आठवतं ते सांग म्हटलं. तिनं आधी बटाटे सोलून घेतले माझ्याकडून. मग सुरुवात केली. भरभर बोलते, मी मागे पडत होतो, ती थांबत नव्हती.
आई कामाला कशी होती, असं विचारलं. आत्यानं माझ्या वहीकडे पाहिलं, मग बटाट्यांकडे.
“हात फार चलाख होता लीनाचा,” ती म्हणाली. “तू तिच्यावर गेला नाहीस.”
तेही लिहून घेतलं.