माझ्या सभेत प्रास्ताविक नको

मी, जनार्दन सीताराम तायडे, वय ७६, रेल्वेचा निवृत्त हेडक्लार्क, मूळ भुसावळचा, हल्ली राहणार तिलक नगर, जयपूर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. दडपण आणायला घरात आहेच कोण!

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक माझी एकुलती मुलगी गौतमी हिला. विकावं, भाड्यानं द्यावं, माझी हरकत नाही.

२. इंग्रजीचा जाडा शब्दकोश आपल्या मराठी मंडळाला. त्यातूनच मी 'प्रिफेटरी' हा शब्द उचलला. तीस वर्षं मंडळाच्या दर कार्यक्रमात प्रास्ताविक माझं, आणि पत्रिकेत 'प्रिफेटरी रिमार्क्स : ज. सी. तायडे' असंच छापून घ्यायचो. नुसतं प्रास्ताविक काय, कोणीही करतं, असा माझा तोरा. सचिव उत्तमरावांनी एकदा मुद्दाम 'दोन शब्द' छापलं. त्यांना काहीही मिळणार नाही.

३. माझी पत्नी इंदुमती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या सभेतही मीच उभा राहिलो आणि प्रिफेटरी म्हणून पन्नास मिनिटं बोललो. वक्त्यांची ओळख, हॉलवाल्यांचे आभार, रेल्वे कॉलनीचा इतिहास. खरं सांगतो, इंदूवर आलो असतो तर रडलो असतो, म्हणून लांबवत राहिलो. गौतमीने आईवर दोन पानं मराठीत लिहून आणली होती. हिंदी शाळेत शिकलेली पोर, आठ दिवस खपली होती. सहाला हॉल रिकामा करायचा होता. चौकीदार आला, "बाबूजी, टाइम हो गया." तिने पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. "बाबा, तुमचं संपलं, मतलब सगळं संपलं ना?" एवढंच म्हणाली आणि पुण्याला निघून गेली. चार वर्षं झाली, आलेली नाही. चूक सर्वस्वी माझी.

४. माझ्या सभेत प्रास्ताविक होणार नाही. कोणी माइककडे सरकलंच, तर शेजारी हिंदुराव यांनी खुशाल दंडाला धरून खाली बसवावं. पहिली गौतमी बोलेल. अडखळेल, हिंदीत बोलेल, मला शिव्या घालेल, बोलू द्यावं. हॉल दिवसभरासाठी घ्यावा.

५. याची एक प्रत आजच गौतमीला टपालाने पाठवत आहे. वकील म्हणाले, अशी पद्धत नाही. नसू दे. गौतमी, मला करमत नाही गं. बातम्या देणाऱ्या बाईला मी टीव्हीसमोर बसून उत्तरं देतो. मी जिवंत आहे तोवर ये. आईवर काय लिहिलं होतंस ते वाचून दाखव. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

सही : ज. सी. तायडे

आमच्यासमोर सही केली :
१. हिंदुराव शेळके, शेजारी
२. तारामती भालेराव, शेजारी

जयपूर, ९ फेब्रुवारी २०२६