सुटल्यानंतर माणूस कुठे जातो

सर,

तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लिहायला बसलोय. नववीत तुम्ही मला ज्या प्रश्नावर उभं केलं होतंत, तो परवा ऑफिसात पुन्हा समोर आला आणि उत्तर मला अजूनही देता आलं नाही. मी रियाधला असतो, ओलाया भागातल्या एका काचेच्या इमारतीत, एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात. म्हणजे अजून तरी आहे. माझी जागा सौदी माणसाला द्यायचं ठरलंय. नियमच आहे तसा आणि खरं सांगायचं तर नियम मला पटतोही. देश त्यांचा, पोरं त्यांची, मग नोकऱ्या त्यांच्या पोरांना मिळायला नकोत का? फक्त पटलेली गोष्ट पचतेच असं नाही. रमजानच्या आधी मी माझ्या जागी आलेल्या मुलीला सगळं काम शिकवायचं आणि मग खलास.

दम्मामच्या शाळेतला तो वर्ग मला आज समोर दिसतोय. एसी घरघरतोय, मागच्या बाकांवर फुटबॉलची चर्चा चाललीय आणि तुम्ही पुस्तक मिटून टेबलावर ठेवताय. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलंय, गुलामगिरी संपलीय, आणि पुस्तकातला धडाही तिथेच संपलाय. हे तुम्हाला कधीच सोसायचं नाही. "कायदा झाला, छान झालं. आता सांगा, दुसऱ्या दिवशी सकाळी ही माणसं उठली, तेव्हा त्यांनी काय केलं?" ही तुमची रीतच होती. तह असो, क्रांती असो, तुम्ही दुसऱ्या दिवशीची सकाळ विचारायचात. वर्गातलं बोलणं सगळं इंग्रजीत चालायचं, पण मला ते मराठीतच आठवतं, कदाचित व्हरांड्यात तुम्ही माझ्याशी तुमच्या नाशिकच्या मराठीत बोलायचात म्हणून. तर त्या दिवशी मी मोठ्या ऐटीत हात वर केला आणि म्हणालो, "सर, त्यांना फायनल एक्झिट मिळाली असणार." आणि वर्गात कुणीही हसलं नाही. हसणार कोण? आम्ही सगळी इकाम्यावरची, म्हणजे बापाच्या नोकरीपुरत्या राहण्याच्या परवान्यावरची पोरं. काम संपलं की कायमचं परत जाण्याचा शिक्का पासपोर्टवर बसतो आणि माणूस सामान बांधून गावी जातो, याच्यापलीकडे जगात काही असतं हे आमच्या गावीही नव्हतं.

"कुठे गेले?" तुम्ही विचारलंत.

"घरी, सर. आफ्रिकेत."

"जन्मले कुठे होते?"

"अमेरिकेत."

"त्यांचे आईबाप? आजे?" उत्तराची वाट न पाहता तुम्ही पुढे, "बरं, तुझं घर कुठे?"

"रत्नागिरीला."

"जन्मलास कुठे?"

"इथेच. दम्मामला."

"आणि रत्नागिरी किती पाहिलीस?"

मी खरं ते सांगितलं, की सुट्टीत गेलो होतो पण बराच वेळ तापाने अंथरुणात होतो. तेव्हा मात्र वर्ग खदाखदा हसला. तुम्ही नाही हसलात. "बस," म्हणालात, "उत्तर साफ चुकलंय. पण तू निदान त्या माणसांना सकाळी उठवून कुठेतरी पाठवलंस. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही." सर, चुकीच्या उत्तराबद्दल मिळालेली तेवढी एकच शाबासकी मी आयुष्यभर मिरवली आहे.

मग पुढचे कितीतरी तास तुम्ही आम्हाला त्या सकाळपासून पुढे नेलंत. अभ्यासक्रमात त्यातलं फारसं नव्हतं. बरीच माणसं आधी निघाली ती विकलेल्या बायको-मुलांच्या शोधात, गावोगाव विचारत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा फुटबॉलवालेही पुढे सरकून ऐकायला लागले. बरेचसे मात्र तिथेच राहिले, कारण राबून राबून जी जमीन त्यांनी पिकवली तीच त्यांची जमीन होती, फक्त नावावर दुसऱ्याच्या. शेत तेच, मालक तोच, आता मध्ये करारावर अंगठा. खिशात कामाचा कागद नसेल तर भटक्या म्हणून पकडायचे. त्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "सेम इकामा, सर! सेम कफील!" तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "तुझे वडील तिकीट काढून विमानाने आले. या माणसांच्या पूर्वजांना साखळदंडात आणलं आणि यांची लेकरं बाजारात विकली. आधी फरक सांगायचा. फरक सांगता येत नसेल तर साम्य सांगायला तोंड उघडायचं नाही." मग तुम्ही पाणी प्यायलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, "आता फरक सांगा. सांगून झाल्यावर साम्यही सांगा. मी ऐकतो."

मी घरी जाऊन हे अब्बांना सांगितलं आणि वर विचारलं, मी जन्मलो तिथे आपण कायमचे का राहू शकत नाही? अब्बा तेव्हा एका सौदी व्यापाऱ्याच्या दुकानात सेल्समन होते, तोच त्यांचा कफील, आमचे परवाने त्याच्या हातात, आणि दुकानांतून सौदी पोरं ठेवायची बोलणी नुकती सुरू झाली होती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. शुक्रवारी मला हाताला धरून ते थेट तुमच्या खोलीवर आले. काकू नाशिकला, तुम्ही दम्मामला एकटे. त्या दिवशी तुम्ही पिठलं ढवळत होतात आणि ढवळता ढवळताच आम्हाला बसायला सांगितलंत.

"मास्तर, पोराला हे काय शिकवलंव तुम्ही?" अब्बा उभेच. "कफीलच्या कानावर गेलं तर आमची रोजी जाईल. मी शाळेच्या कमिटीकडे गेलो तर तुमची जाईल."

"जाईल की," तुम्ही म्हणालात. "तुमची भीती खोटी नाही, मला कळतं. कफीलचं नाव वर्गात निघणार नाही, हा शब्द देतो. पण धडा मी थांबवणार नाही. हा पोरगा विचार करायला लागलाय हो, आता अर्ध्यावर कसा सोडू? तुम्हाला जायचं तर कमिटीकडे जा. आधी जेवा मात्र."

अब्बा जेवले. मुकाट्याने, दोनदा वाढून घेऊन. कमिटीकडे काही ते गेले नाहीत. उलट त्यानंतर दुकानातून आले की चपला काढता काढता मला विचारायचे, "मग, फुडं काय झालं त्या लोकांचं?" आणि मी सांगायचो. आगगाडीत बसून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघालेले, दुसऱ्या महायुद्धात लढून आले तरी गावात मागच्या दाराने आत घेतले जाणारे, आणि मग ते शहर, जिथे बसमध्ये गोऱ्यांसाठी उठून जागा द्यावी लागे म्हणून लोकांनी बसच सोडली आणि वर्षभराहून जास्त काळ पायी कामाला गेले. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायकासुद्धा. दिवसभर दुकानात उभे राहणारे अब्बा ते ऐकून आपल्या पोटऱ्या चोळू लागले. मग म्हणाले, "त्यांचा गाव होता म्हणून चालले. आपण कुठं चालणार?" सर, माझ्या बापाला इतिहास तुम्ही शिकवलात, आणि तोही एका ताटभर पिठल्यावर. तुमच्याइतका निडर माणूस मी नंतर पाहिला नाही.

अब्बांची नोकरी पुढे गेलीच, तुमच्यामुळे नाही, नियमामुळे. तुम्ही शाळा सोडून नाशिकला परतलात आणि वर्षभरातच तुम्ही गेल्याचं कळलं. मी मात्र भारतात शिकून परत इथेच आलो, आणि आता माझ्यासमोर ही मुलगी बसते. हुशार आहे. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारते आणि कारण पटेपर्यंत हलत नाही, तुम्हाला फार आवडली असती. पलीकडच्या टेबलावरचा केरळचा सहकारी मला रोज समजावतो, "भाई, आधा ही सिखाना. पूरा सीख गई तो तेरी क्या ज़रूरत?" मोह झाला, नाही म्हणत नाही. कुठला व्यापारी वेळेवर माल देतो, कुणाला नुसता मिस्ड कॉल द्यायचा, हे कुठे लिहिलेलं नसतं, ते माझ्या डोक्यात आहे. पण तुम्ही सांगितलेल्या त्या शाळा आठवल्या. गुलामाला अक्षर शिकवणं जिथे गुन्हा होता, तिथे सुटकेनंतर आजी आणि नात एकाच बाकावर बसल्या, आणि ज्याला आज एक अक्षर आलं त्याने ते संध्याकाळी शेजाऱ्याला दिलं. "अक्षर लपवून ठेवायची सवय मालकांची," तुम्ही म्हणाला होतात. आता ही मुलगी काही गुलाम नाही आणि मी मालक तर मुळीच नाही. मला इथे कुणी बांधून आणलं नाही, महिन्याच्या महिन्याला पगार मिळाला, पोरं शिकली. तरी मी तिला सगळं शिकवलं, हातचं काही राखलं नाही. त्या केरळवाल्याने कपाळावर हात मारला.

परवा तिनेच विचारलं, "तुम्ही दम्मामला जन्मलात ना? मग आता कुठे जाणार?" अगदी मायेने विचारलं हो. मी म्हटलं, घरी. ती म्हणाली, मग तुम्ही खूश असाल. मी म्हटलं, खूपच. रत्नागिरीला चुलतभावाने घराला रंग दिलाय, फोनवर सगळे म्हणतात की बरं झालं, एकदाचे कायमचे येताय. मीही त्यांना म्हणतो, हो ना, कंटाळलो होतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तुम्ही असतात तरी मी ते टाकलं नसतं. मला इथून जायचं नाहीये, सर. हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.