पाणी घातलंस का?

७ फेब्रुवारी

आणखी दोन पानं पिवळी! लेक नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा बजावून गेली होती — "आई, खिडकीतलं माझं झाड सांभाळ हं." सांभाळतेय की! तहानलंय बिचारं. आज दोन तांबे घातले.

संध्याकाळी तिचा फोन. "पाणी घातलंस का?" "घातलं." "बरं, ठेवते." संपलं! जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये बसून लोकांची बोलणी जोडून दिली, आणि माझ्या वाट्याला एवढंच. सुरुवातीला जेवलीस का, औषध घेतलंस का म्हणून भंडावून सोडायची. आता त्याचाही विसर पडला.

८ फेब्रुवारी

खोटं बोलायला नको म्हणून फोन यायच्या आधी पाणी घालते. आजही घातलं.

११ फेब्रुवारी

कुंडीभोवती चिलटं. कुबट वास. शेजारीण किल्ली ठेवायला आली, तिनं सरळ मातीत बोट खुपसलं. "अहो, हा तर चिखल! पाणी पाजून पाजून मारताय त्याला." स्वतःच्या घरी जाऊन बोटं घाला म्हणावं! ती गेल्यावर मीही बोट घालून पाहिलं. चिखलच.

१२ फेब्रुवारी

झाड उपसलं. मुळं काळी, लिबलिबीत. कुंडीला खाली भोकच नाही — नुसती शोभेची! कुजकी मुळं कात्रीनं कापली, उरलेलं झाड भोकं पाडलेल्या डब्यात, कोरड्या मातीत लावलं. आता वरची माती दोन पेरं सुकेपर्यंत पाणी बंद.

"घातलंस का?" "घातलं." धडधडीत खोटं! पण झाड गेलं तर ती फोन तरी कशासाठी करेल? फार एकटं वाटतं. कुणाला सांगू?

१६ फेब्रुवारी

झाडानं मान टाकलीय. हात शिवशिवतात. तांब्या कपाटात ठेवून दिला.

१९ फेब्रुवारी

सांगून टाकलं. "तुझं झाड मी बुडवलं गं. जगेलसं वाटत नाही."

ती म्हणाली, "मला झाडाचं काय करायचंय, आई? जेवलीस का विचारलं की 'मी काय कुकुलं बाळ आहे?' म्हणून खेकसतेस. पाणी घातलं म्हणालीस की तू उठलीस, हिंडलीस, एवढं तरी कळायचं."

रडूच आलं.

२० फेब्रुवारी

आज फोन मीच लावला. "जेवलीस का गं?"

तिकडून अगदी हळू — "नाही गं आई. एकटीला जेवण जातच नाही."