लंबूचा सूट

दादा,

आरोग्यमंत्री म्हणून तू आज आमच्या तापाच्या साथीच्या वॉर्डात आलास. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा सूट चढवल्यावर आम्ही नर्स एकमेकींना ओळखू येत नाही, म्हणून पाठीवर टोपणनावं लिहितो. माझ्या पाठीवरचं ‘लंबू’ वाचून तू कॅमेऱ्यांसमोर हसलास. "ही कसली लंबू? एवढीशी तर आहे!"

सख्खी बहीण तुला ओळखू आली नाही. मीही ओळख न देता पुढच्या रुग्णाचं सलाईन बदलायला वळले.

लंबू गेल्या आठवड्यात ह्याच तापाने गेली रे. तू कबूल केलेले नवे सूट आलेच नाहीत, म्हणून धुतलेल्यांतला हाती येईल तो आम्ही घालतो.

संध्याकाळपासून मलाही ताप आहे. हे पत्र पाठवत नाही, आईच्या कानावर जाईल. पण पुन्हा आलास आणि ‘चिंगी’ लिहिलेला सूट दुसरीच्या अंगावर दिसला, तर हसू नकोस.

तुझी,
चिंगी