अर्धी मालिका

३ मार्च, सोमवार
आज एकशे चाळीस लिंक उडवल्या. आमच्या कंपनीच्या मालिका लोक चोरून नेटवर टाकतात. मी शोधते, नोटीस पाठवते, लिंक बंद होते. साहेब म्हणाले, फुकटे लेकाचे. मीही मान डोलावली.

९ मार्च, रविवार
ताईच्या शिलाई मशीनला टेकवलेला मोबाइल. त्यावर आमचीच कोर्टाची मालिका — तीही चोरीची! डोकंच फिरलं. माझ्याच घरात?

तापाच्या दुखण्यात ताईचे कान गेले, त्याला सहा वर्षं झाली. ओठ वाचते, पण मालिकेतले वकील सारखे पाठमोरे. सबटायटल्स द्या म्हणून तिने कंपनीला पाच वेळा लिहिलं. पाचही वेळा एकच उत्तर — आपला अभिप्राय मोलाचा आहे. हे मला आज कळतंय.

मी नको नको ते बोलले. तिने दाताने दोरा तोडला, मग म्हणाली, "तुमच्या कंपनीला दर महिन्याचे पैसे मी पूर्ण भरते ना? मग मालिका अर्धीच का?"



१० मार्च
तिच्या शेजारी बसून एक भाग पाहिला. या चोरीच्या प्रतीला कुणा अनोळखी माणसाने जीव ओतून सबटायटल्स केलीत. नुसते संवाद नाहीत — 'खुर्ची सरकते', 'बाहेर कुणीतरी खोकतं', 'न्यायाधीश उसासा टाकतात'. माझे कान धड आहेत, तरी तो उसासा मला याआधी कधी ऐकूच आला नव्हता.

१२ मार्च
धीर करून साहेबांकडे विषय काढला. चोरून बघणारे सगळेच फुकटे नाहीत, सबटायटल्स दिली तर परत येतील, म्हटलं. पटावं म्हणून ताई बघते ती साइटही उघडून दाखवली. त्यांनी त्या सबटायटल्सची फाइल मागून घेतली. बघू म्हणाले.

१३ मार्च
आजच्या यादीत पहिली लिंक तीच. दुपारपर्यंत टाळलं. मग उडवली.

२१ मार्च
ताई हल्ली मोबाइल न लावताच शिवते. आज जेवताना विचारलं, "तूच केलंस ना?" मी हो म्हटलं. तिने आमटी वाढली. 

२० एप्रिल, रविवार
कंपनीने सबटायटल्स आणली. ताईने लगेच पहिला भाग लावला. शब्द न् शब्द त्या अनोळखी माणसाचा. शेवटची ओळ तेवढी काढायची राहून गेलीय: 'आमच्या दादासाठी. त्याला ऐकू येत नाही.'