संपलं म्हणू न्हाई

कारेगाव, मंगळवार, दिवेलागणीला

सासूबाईंचा तेरावा होऊन चार दिवस झाले. आज ज्वारीच्या पिठाचा डबा रिकामा निघाला आन् मी बोलून गेले, "पीठ संपलं." त्या असत्या तर पलंगावरूनच ओरडल्या असत्या, "अगं, संपलं म्हणू न्हाई, वाढलं म्हणावं!" बारा वर्षं हेच ऐकलं. कितीदा तर त्यांना चिडवायला मुद्दाम म्हणायचे. आज पलंगाकडं बघून परत म्हटलं, मोठ्यानं, "संपलं." हे नुकतेच कंपनीतून आलेले. मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "मग दळून आण." एवढंच? त्यांचीच आई ना?

डब्यात ज्वारी भरून गिरणीत गेले. गिरणीवाले मामा महिनाभर लेकीकडं होते, कालच परतलेले; त्यांना काहीच माहीत नव्हतं. म्हणाले, "सासूबाई कशा हायेत?"

तोंडातून निघालं, "वाढल्या, मामा."